अळूतलं मीठ

सिनेमा ब्राझीलचा होता. एक साधासुधा माणूस तुरुंगात जातो, त्याच्या हाताला चव असते आणि त्या चवीच्या जोरावर तो कोठडीतल्या गुंडांमध्ये एकेक पायरी वर चढत जातो, अशी गोष्ट. सिंगापुरात ईस्ट कोस्टच्या एका कोंडोतल्या, म्हणजे मोठ्या सोसायटीतल्या फंक्शन रूममध्ये मराठी मंडळींचा अधूनमधून सिनेमा व्हायचा आणि तो निवडायचं काम प्रबोधकडे असायचं. प्रबोध बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि परदेशी सिनेमा आपल्यालाच कळतो अशी त्यांची समजूत होती. हा सिनेमा निवडताना त्यांच्या डोक्यात त्याला मिळालेली बक्षिसं होती, दुसरं काही नव्हतं. दिवे मालवायच्या आधी त्यांनी सहज मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून सुनेत्राबाई बसलेल्या. प्रबोधचा रिमोट हातातच राहिला.

कारण त्या खोलीत तुरुंग पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाने तिथे स्वयंपाकही केला होता.

सुनेत्राबाईंनी प्रबोधचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि मनात म्हणाल्या, लाव मेल्या, लाव. त्यांना सिनेमाचं काडीइतकं कौतुक नव्हतं. नवरा निशिकांत 'नको जायला' म्हणत असताना त्या एकट्या लिफ्टने खाली आल्या होत्या, त्या सिनेमानंतरच्या चहासाठी. गणपती महिन्यावर आले होते आणि चहाच्या वेळी यंदाचा नैवेद्य कुणाकडे, हे ठरणार होतं. तो मान त्यांना परत हवा होता. तुरुंगातून बाहेर येताना त्यांनी दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

हा मान काय होता ते सांगितलं पाहिजे. सगळ्या मंडळींचा मिळून चतुर्थीचा नैवेद्य एका घरी व्हायचा, आणि वर्षानुवर्षं ते घर अकराव्या मजल्यावरचं सुनेत्राबाईंचं. त्यांच्या अळूच्या भाजीला सिंगापुरात तोड नव्हती, आणि ही गोष्ट कुणी विसरेल अशी सोय त्यांनी कधी ठेवली नव्हती. पुण्याहून नव्या आलेल्या सुनांना त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून जोखायच्या. कुणाला मोदकाच्या कळ्या पाडायला द्यायच्या, कुणाला नुसतं खोबरं खवायला बसवायचं, हे ठरवायच्या. कुणाची वर्षाची पत काय, ते त्या दिवशी कळायचं. स्मिताने पहिल्या वर्षी वळलेले मोदक त्यांनी सगळ्यांसमोर ताटलीत पालथे घालून म्हटलं होतं, "ह्याला मोदक म्हणतात होय? ही तर धोब्याची गाठोडी." स्मिता तेव्हा हसली होती. ती मोठ्या कंपनीचे हिशेब सांभाळणारी बाई, बाकी ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आणि घरातला कडक नियम असा की, नैवेद्याचं देवाआधी कुणी चाखायचं नाही. चाखलं की उष्टं झालं. मग मीठ कसं कळायचं? "वासावरून," सुनेत्राबाई म्हणायच्या. "ज्याला वासावरून मीठ कळत नाही त्याने नैवेद्याला हात लावू नये."

ह्या नियमानेच घात केला.

मुर्नी त्यांच्याकडे कामाला होती, इंडोनेशियाची, जावातल्या कुठल्याशा खेड्यातली. तीन वर्षं त्या घरात राबत होती. त्या साली गणपतीच्या आधीच्या आठवड्यात वरण अळणी झालं म्हणून सुनेत्राबाईंनी तिला पाहुण्यांसमोर फैलावर घेतलं. "तोंड दिलंय ना देवाने? चाखून बघत जा. चाखल्याशिवाय एकही वस्तू ताटात आली तर याद राख." मुर्नीने ते लक्षात ठेवलं. रोजचं जेवण वेगळं आणि नैवेद्य वेगळा, हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ही गोष्ट सांगावी लागते हेच आपल्या लोकांच्या गावी नसतं. जगातली सगळी माणसं ती आईच्या पोटातून शिकून येतात असं आपण धरून चालतो.

चतुर्थीच्या दिवशी बाहेर आरतीची तयारी चालली होती आणि मुर्नीने अळूच्या पातेल्यात पळी घातली, फुंकर मारली आणि ओठाला लावली. शेजारच्या शेगडीवर कढई होती, कढईत तूप आणि तुपात झारा. सुनेत्राबाईंनी तो झारा उचलला आणि मुर्नीच्या तोंडावर टेकवला. कोर्टात त्यांच्या वकिलाने चुकून लागला, गडबडीत लागला, असं पुष्कळ सांगून पाहिलं. चुकून लागला नव्हता.

मुर्नी ओरडली नाही. तिने कचऱ्याची पिशवी उचलली, खाली गेली आणि गेटवरच्या गार्डला आपलं तोंड दाखवलं. पोलीस आले तेव्हा आरती अर्ध्यावर होती. ते आत येईपर्यंत सुनेत्राबाईंनी काय करावं? अळूचं अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं, उष्टं झालं म्हणून.

खटला वर्षभर रेंगाळला आणि मग काही महिन्यांची कैद झाली.

बायकांच्या तुरुंगात गादी नाही, चटई. सुनेत्राबाईंची चटई शौचालयाच्या कट्ट्याला लागून, कारण आपल्या शेजारी कुणी त्यांना चटई टाकू देत नव्हतं. तिथे सगळ्यांचे गुन्हे सगळ्यांना ठाऊक असतात. चोरी केलेली, अमली पदार्थ विकलेली, सगळ्या एकमेकींना सांभाळून घेत होत्या. पण कामवालीचं तोंड भाजणारी बाई? निम्म्या जणींच्या आया आणि बहिणी लोकांच्या घरी भांडी घासत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना 'हॉट स्पून' हे नाव पडलं आणि ते सुटेपर्यंत चिकटलं. एरवी ज्यांनी नाकाने कांदे सोलले, त्या आता खरे कांदे सोलायला तुरुंगाच्या स्वयंपाकघरात लागल्या, आणि कांद्यांनंतर त्यांच्या वाट्याला खरकटी पिंपं घासणं आलं.

कागदावर तिथला कारभार ऑफिसरबाईंचा. पण मोठ्या पिंपावर पळी कुणी धरायची आणि नाली कुणी उपसायची, हे बी लेंग ठरवायची. बी लेंग साठीकडे झुकलेली चिनी बाई, अमली पदार्थांपायी तिसऱ्यांदा आत आलेली. आवाज कधी चढवायची नाही. ती नुसती हनुवटी हलवायची आणि माणसं हलायची. सुनेत्राबाईंनी तिला पहिल्या दिवशीच ओळखलं. ओळखणारच, इतकी वर्षं तेच काम त्यांनी अकराव्या मजल्यावर केलं होतं.

एका दुपारी कोंबडीची करी शिजत होती. त्या आठवड्यात ताटं अर्धी टाकून परत येत होती आणि ऑफिसरबाईंनी बी लेंगला त्यावरून सुनावलं होतं. पिंप घासता घासता सुनेत्राबाईंच्या नाकाला तो वास आला आणि राहवेना म्हणून त्या बोलून गेल्या, मसाला कच्चा आहे, मिठाचा पत्ता नाही. सगळ्या बायका थांबल्या. बी लेंगने पिंपात पळी बुडवली आणि वाफाळती पळी घेऊन ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"यू सो क्लेव्हर, यू टेस्ट लाह."

सुनेत्राबाईंनी जन्मात मांसमच्छी तोंडाला लावलेली नव्हती. पळी ओठांपासून वीतभर अंतरावर होती आणि तिची धग हनुवटीला जाणवत होती. कुणी त्यांना धरलं नव्हतं. दार उघडं होतं, ऑफिसरबाई खुर्चीत होत्या, हाक मारली असती तर त्या आल्याही असत्या. पण मग पुढचे सगळे महिने त्या कट्ट्याशेजारी काढायचे होते. त्यांनी तोंड उघडलं. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी तिखटाचं आहे असं त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

"मीठ कमी," त्या म्हणाल्या. "आणि मसाला आधी कोरडा भाजा."

दुसऱ्या दिवशी मसाला भाजला गेला. त्याच मोजून आलेल्या मसाल्याची आणि त्याच मिठाची करी, पण ताटं पुसून परत आली. आठवडाभरात सुनेत्राबाई पिंपं घासण्यावरून मोठ्या पिंपाच्या पळीवर आल्या. त्यांची चटई कट्ट्यापासून लांब सरकली. कुणी त्यांचे खांदे चेपून दिले, कुणी फोनची आपली पाळी देऊ केली. आणि रोज, अगदी रोज, बी लेंग समोर येऊन पळी धरायची आणि त्या चाखायच्या. कोंबडी, मासळी, जे असेल ते.

आता एखादा म्हणेल, एवढं भोगल्यावर बाई निवळली असेल. जित्याची खोड अशी जात नाही हो. पळी हातात आली आणि सुनेत्राबाई पुन्हा सुनेत्राबाई झाल्या. ज्यांनी 'हॉट स्पून' म्हणून हाक मारली त्यांच्या ताटात तळाचं करपलेलं पडायला लागलं. एक इंडोनेशियन कैदी होती, तिने पहिल्या आठवड्यात मुर्नीच्या नावाने त्यांच्या ताटात थुंकलं होतं. तिला त्या सुटेपर्यंत नुसतं वरचं पाणी मिळालं. मापात वाढायचं, पण माप कुठून भरायचं ते वाढणारीच्या हातात असतं. लाज वाटली का? मुळीच नाही. त्यांना झोप छान लागत होती.

तर असा सगळा सिनेमा स्वतःच्या डोक्यात घेऊन त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पडद्यावरचा सिनेमा संपला, दिवे लागले, चहा आला, सामोसे आले. प्रबोध घाईघाईने कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागले. कुणीतरी म्हणालं, सत्ता आणि भूक ह्यांचं नातं काय दाखवलंय. कुणी म्हणालं, प्रत्येक समाजात हेच असतं. सगळे बोलत होते आणि कुणीही मागच्या रांगेकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिथेच होतं.

स्मिताने मात्र सरळ वळून विचारलं. आवाजात साखर होती. "सुनेत्राताई, तिथे खरंच असं असतं का हो?"



"नाही गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तिथे इतके चवीने खाणारे लोक नसतात. आणि विचारायचं असेल ते तोंडावर विचारतात, चहा यायची वाट बघत नाहीत."

स्मिताने कप खाली ठेवला. "विचारते मग तोंडावर. यंदा नैवेद्य करणार का तुम्ही?"

"करणार. माझ्याच घरी."

कुणी नाही म्हणालं नाही. आता ह्याला कुणी मोठं मन म्हणेल. मोठं मन वगैरे काही नव्हतं. ज्या ओट्यापाशी ते घडलं तो ओटा एकदा डोळे भरून बघायचा होता सगळ्यांना. स्मिताने तर वर सांगितलं, "तुम्हाला आता घरात बाई ठेवायची परवानगी नाही ना? मी माझी कामवाली पाठवते मदतीला, खिन." सगळ्यांनी ऐकावं इतक्या मोठ्याने.

निशिकांत फक्त एवढंच म्हणाले, "कशाला हा हट्ट, सुनेत्रा? माणसं तमाशा बघायला येतायत."

"येऊ देत," त्या म्हणाल्या. "जेवून जातील."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी लिटिल इंडियातल्या बाजारातून अळूची पानं आणली, पान उलटं करून, देठाचा रंग बघून, एकेक निवडून. सकाळी बायका आल्या. येताना सगळ्या नटूनथटून आल्या होत्या आणि आल्या आल्या कुणी ना कुणी कारण काढून स्वयंपाकघरात डोकावत होती. खोबरं, केळीची पानं, देवाचे दागिने, सगळ्यांच्याच नावाने बायका आत येत होत्या, आणि सगळ्यांची नजर एकदा कढईवर, एकदा झाऱ्यावर जात होती. स्मिता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली होती. तिथे आजवर सुनेत्राबाई उभ्या राहायच्या.

स्मिताची खिन बर्माची, तिशीची, कामाला चलाख. पण शेगडीजवळ येईना. काही द्यायचं झालं की ओट्याच्या टोकावर ठेवायची आणि मागे सरकायची. मोदक झाले, वरण झालं, अळूला चिंचगूळ घालून झाला. वास उठला तशा सुनेत्राबाई सुखावल्या. मीठ बरोबर आहे, नाकाने सांगितलं. आता पापड तळले की पान वाढायचं, आणि सगळं पुन्हा आपल्या जागी येणार होतं. हाच क्षण त्यांनी चटईवर पडून कितीदा मनात रंगवला होता.

"खिन," स्मिता दारातून हसत म्हणाली, "इन धिस हाऊस नो टेस्टिंग, ओके?"

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. सुनेत्राबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. पापड फुलला होता. त्यांनी कढईतून झारा उचलला, आणि समोर उभ्या असलेल्या खिनचा हात तिच्या ओठांवर गेला.

तिने मुद्दाम केलं नव्हतं. तिला स्वतःलाही कळलं नसावं. हात आपोआप गेला आणि तोंड झाकून राहिला.

सुनेत्राबाईंच्या हातातल्या झाऱ्याचं तूप ओट्यावर निथळत होतं. खिनच्या त्या हातामागची धडकी त्यांना ठाऊक होती. वाफाळती पळी हनुवटीसमोर आली की आतून काय होतं, ते त्या खोलीतल्या दोनच बायकांना कळत होतं. फरक इतकाच की त्यांनी तेव्हा तोंड उघडलं ते वर चढायला मिळावं म्हणून. मुर्नीने उघडलं होतं ते सांगितलं तसं करायचं म्हणून. न्यायाधीश बोलले तेव्हा लाज वाटली नव्हती, निशिकांत काचेपलीकडे रडले तेव्हा नाही, कुणी ताटात थुंकलं तेव्हाही नाही. ती आत्ता वाटली, एवढ्या बायकांसमोर, नैवेद्याच्या ओट्याशी.

त्यांनी झारा कढईत ठेवला आणि गॅस बंद केला. मग अळूच्या पातेल्यातली पळी घेतली, भरली, फुंकर मारली आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावली.

मीठ कमी होतं.

चांगलंच कमी होतं. नाकाला पुरेसं वाटलेलं जिभेवर अळणी निघालं, आणि त्याबरोबर त्यांना हेही कळलं की हे आजचंच नसणार. वर्षानुवर्षं देवापुढे असंच गेलं असणार, आणि मंडळी बोटं चाटून वाहवा करत असणार, कारण वाढणारी दारात उभी होती. मुर्नीने त्या दिवशी पळी ओठाला लावली तेव्हा तिला हेच सांगायचं असेल, मॅम, मीठ कमी.

"ताई," स्मिताचा आवाज चिरकला, "अहो, उष्टं केलंत तुम्ही सगळं."

"हो."

"आता नैवेद्याचं काय?"

"तुझ्याकडे केलेला असेल ना," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तू रिकाम्या हाताने आलेली बाई नाहीस."

स्मिताचं तोंड पडलं. खरंच होतं ते. चौथ्या मजल्यावरच्या तिच्या घरी मोदक वाफवून झाकून ठेवलेले होते, भाजी होती, वरण होतं. काहीतरी होणार ह्याची तिला खात्री होती आणि ते झालं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. तिने मान फिरवली. पाच मिनिटांत बायका निघाल्या, कुणी समई घेतली, कुणी आरतीचं तबक. दाराशी कुणीतरी बोललं ते सुनेत्राबाईंनी ऐकलं, शेवटी जातीवर गेलीच ही. पुढच्या वर्षी कुणी विचारायचा प्रश्नच उरला नव्हता.

खिन मागे राहिली, भांडी आवरायला. तो हात आता ओठांवर नव्हता, पण ती भिंतीला पाठ लावून होती.

सुनेत्राबाईंनी अळूत मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. मग एक वाटी भरली आणि ओट्याच्या त्या टोकाला, खिनच्या हाताला येईल अशी ठेवली. "ईट," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "प्लीज."

खिनने वाटीकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं.

हात रिकामा असल्याचं तिला दिसावं म्हणून सुनेत्राबाईंनी पळी सिंकमध्ये टाकली, झारा टाकला, आणि त्या ओट्यापासून लांब, थेट खिडकीपर्यंत जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खाली समुद्राच्या बाजूच्या रस्त्यावर सायकली चालल्या होत्या. मागे नळ सुरू झाला, भांडी वाजली, नळ बंद झाला, आणि दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

त्या वळल्या तेव्हा ओटा लख्ख पुसलेला होता. वाटी होती तिथेच होती आणि तिच्यावर साय धरायला लागली होती.